देहातील अदृश्य सहनिवासी



‘मी एकटा आहे’ असे आपण सहज म्हणून जातो. शरीरशास्त्राच्या दृष्टीने मात्र ते खरे नाही. इस्रायलच्या वाइझमन संस्थेतील रॉन मिलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली केलेल्या गणितानुसार, प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३० लाख कोटी पेशी असतील, तर जीवाणू सुमारे ३८ लाख कोटी आहेत. त्यांचे एकत्रित वजन जेमतेम दोनशे ग्रॅम. आणि त्यांचे मुख्य वसतिस्थान म्हणजे आपले मोठे आतडे.

जीवाणू म्हणजे रोग, हे समीकरण आपल्या मनात पक्के बसलेले आहे. त्याला प्रथम छेद देणाऱ्यांत पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील इल्या मेचनिकॉफ हे नाव अग्रगण्य. १९०८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते रोगप्रतिकारशक्तीवरील संशोधनासाठी. पण आंबवलेल्या दुधातील जीवाणू वार्धक्य लांबवतात, असेही ते आग्रहाने मांडत. ते स्वतः १९१६ साली, ७१ व्या वर्षी निवर्तले. दह्याने चिरतारुण्य लाभत नाही. मात्र त्यांनी विचारलेला प्रश्न चिरतरुण ठरला.

तो प्रश्न आधुनिक प्रयोगाच्या कसोटीवर घासला अमेरिकेतील सेंट लुईसच्या जेफ्री गॉर्डन यांनी. जुळ्या भावंडांपैकी एक स्थूल, दुसरे सडपातळ. दोघांच्या आतड्यांतील जीवाणू त्यांच्या चमूने जंतुविरहित उंदरांत सोडले. आहार तोच; तरीही स्थूल भावंडाचे जीवाणू मिळालेल्या उंदरांच्या अंगी अधिक चरबी साठली. २०१३ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

परंतु गॉर्डन यांचे खरे मोठेपण मला दिसते ते ढाक्याच्या मीरपूर वस्तीत. पोटभर अन्न देऊनही काही कुपोषित मुले बाळसे का धरत नाहीत? उत्तर असे निघाले की, या मुलांच्या आतड्यांतील जीवाणूसृष्टीच वयाच्या मानाने अपरिपक्व राहिलेली असते. मग ताहमीद अहमद यांच्या सहकार्याने हरभरा, सोयाबीन, शेंगदाणा आणि कच्ची केळी यांचा एक पूरक आहार सिद्ध झाला. दीड वर्षापर्यंतच्या १२३ बालकांवर त्याची चाचणी झाली. २०२१ साली निष्कर्ष आले: प्रचलित आहारापेक्षा उष्मांक कमी असूनही या आहारावरील मुलांचे वजन अधिक वेगाने वाढले. जे पदार्थ गरिबाच्या बाजारात मिळतात, त्यांतूनच उपाय निघाला!

दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. प्रतिजैविकांचा मारा या सृष्टीची घडी विस्कटतो, आणि मग क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलसारखा उपद्रवी जंतू माजतो. नेदरलँड्समध्ये अशा, वारंवार उलटणाऱ्या आजाराच्या १६ रुग्णांना निरोगी व्यक्तीच्या मळातील जीवाणू देण्यात आले. १३ जण पहिल्याच खेपेत बरे झाले. ऐकताना किळस वाटेल. पण जीव वाचला.

आपल्या पुण्यातही नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समध्ये डॉ. योगेश शौचे यांनी भारतीयांच्या आतड्यांतील जीवाणूंचा अभ्यास केला. तो आवश्यकच आहे. कारण आहार बदलला की ही वस्तीही बदलते, आणि परदेशातील निष्कर्ष आपल्याला जसेच्या तसे लागू पडतीलच असे नाही.

हे शास्त्र अद्याप बाल्यावस्थेत आहे. त्याच्या नावावर बाजारात विकली जाणारी प्रत्येक पुडी गुणकारी मानू नये. पण दोन गोष्टी आपल्या हाती निश्चित आहेत: डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून प्रतिजैविके घेऊ नयेत, आणि घरातील ताटात डाळी, भाज्या, फळे यांना मानाचे स्थान द्यावे. या मूक सहनिवाशांचे पोषण आपल्याच घासातून होत असते, एवढे भान ठेवले तरी पुरे.