तंबोऱ्याची जवारी आणि डॅकचा आवाज



गेल्या थंडीत महिनाभर माझ्या घरी तीन डॅक होते. एक माझा स्वतःचा, दोन मित्रांचे. डॅक म्हणजे आकड्यांतून आवाज घडवणारं यंत्र. सीडीवर, मोबाइलमध्ये, संगणकात गाणं आकड्यांच्या रूपात साठवलेलं असतं. त्या आकड्यांपासून विजेची अखंड लहर तयार करायची आणि ती अ‍ॅम्प्लिफायरकडे पाठवायची, एवढंच डॅकचं काम. तुमच्या मोबाइलमध्येही तो असतो, नखाएवढ्या चिपच्या एका कोपऱ्यात. हौशी माणसं मात्र याच कामासाठी वेगळा खोका घेतात आणि त्याची किंमत काही लाखांपर्यंत जाते. मग एक प्रश्न हमखास विचारला जातो: या खोक्यांचे आवाज खरंच वेगवेगळे असतात का?

या प्रश्नाकडे मी तंबोऱ्याच्या वाटेनं गेलो. माझ्याकडे एका मिरजेच्या तंबोऱ्याचं ध्वनिमुद्रण आहे. काळी एकमध्ये लावलेला, गाणं नाही, नुसता तंबोरा, वीस मिनिटं. चार तारा: पंचम, दोन जोड, खर्ज. मिरजेच्या तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण गवयांच्या लेखी ते मानांकन शंभर-दीडशे वर्षं होतंच. या वाद्यात जादू घोडीवर आहे. घोडीचा माथा सपाट नसतो, अगदी हलका उतार देऊन तो कानसलेला असतो. तार सुटली की त्या उतारावर घासत, टेकत, उठत राहते, आणि घोडी व तार यांच्यामध्ये सुताचा बारीक दोरा सरकवून ते टेकणं नेमकं कुठे व्हावं हे ठरवतात. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी 1921 साली या प्रकारावर एक छोटासा निबंध लिहिला. स्वरांश म्हणजे मूळ सुराबरोबर उमटणारे वरचे सूर. एरवी तार जिथे छेडावी तिथे ज्या स्वरांशांचा स्थिर बिंदू येतो ते स्वरांश उमटत नाहीत, हा जुना नियम. तंबोऱ्यात ते उमटतात, हे रामन यांनी दाखवलं. म्हणून चार तारांतून आपल्याला तारांपेक्षा कितीतरी जास्त स्वर ऐकू येतात, आणि खर्जातून कुणी न छेडलेला गंधार वर येतो. स्वयंभू गंधार म्हणतात तो हाच.

घोडीच्या या उतारातून आणि दोऱ्यातून तारेला येणारं गुंजन म्हणजे जवारी. ती काढणारे कारागीर दोन शब्द वापरतात: खुली जवारी आणि बंद जवारी. खुली म्हणजे झणझणीत, वरचे स्वरांश मोकळे सुटलेले. बंद म्हणजे गोल, मिटलेली. डॅकबद्दल बोलताना लोक ऊबदार, थंड, चमकदार, सुरेल असं बरंच बोलतात आणि दोन माणसांचं ऊबदार एक नसतं. खुली आणि बंद हे शब्द तसे नाहीत. दोरा इकडे सरकवला की खुली, तिकडे सरकवला की बंद. कोणीही कानानं पडताळून पाहावं. मी ठरवलं की डॅकबद्दल याच दोन शब्दांत बोलायचं.

पहिल्या संध्याकाळी मित्रांपैकी एकाचा डॅक लावला आणि मला वाटलं, हाच. तंबोरा पुढे आला, खोली भरली, जोड ताठ उभी राहिली. माझा जुना डॅक त्यापुढे मलूल वाटला. दोन दिवस मी याच समजुतीत होतो. तिसऱ्या दिवशी शंभर हर्ट्झचा एकसुरी आवाज वाजवून दोन्हींच्या तोंडाशी साधा मल्टिमीटर लावला. माझ्या डॅकमधून दोन व्होल्ट येत होते, मित्राच्या डॅकमधून अडीच. म्हणजे जवळजवळ दोन डेसिबलचा फरक. एवढा फरक मोठ्या आवाजासारखा जाणवत नाही, चांगल्या आवाजासारखा जाणवतो. कानाची ही जुनी खोड आहे. यानंतर मी प्रत्येक वेळी पातळी एक दशांश डेसिबलपर्यंत जुळवून घेतली. खोली भरणं थांबलं, जोडही माझ्या डॅकवर तेवढीच ताठ उभी राहू लागली.

हे मी मुद्दाम सविस्तर सांगतोय. दुकानात तुम्हाला दोन डॅक ऐकवले जातात तेव्हा पातळी जुळवलेली आहे का, हे विचारा. जुळवलेली नसेल तर ती तुलना नव्हे, आणि त्या जोरावर लाखांचा व्यवहार करू नका. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांनी तसा केला. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

आता यंत्राच्या पोटात डोकावू. सीडी 1982 साली बाजारात आली. सेकंदाला 44,100 नमुने, प्रत्येक नमुना सोळा बिटांचा, म्हणजे 65,536 पायऱ्यांपैकी एक. सोनीच्या पहिल्या यंत्रात सोळा बिटांचा एकच डॅक होता, तो आळीपाळीनं डाव्या आणि उजव्या बाजूचं काम करायचा. फिलिप्सकडे तेव्हा चौदा बिटांची चिप होती. त्यांनी ती चौपट वेगानं चालवली आणि उरलेली चूक गोंगाटाच्या रूपात ऐकू न येणाऱ्या वरच्या पट्टीत ढकलली. चौदा बिटांतून सोळांचं काम निघालं. आज बाजारात डॅकची दोन घराणी दिसतात.

एक घराणं शिडीचं. विजेला अडवणाऱ्या रोधांची शिडी, प्रत्येक पायरी आधीच्या निम्मी. ऐकायला सोपं, पण सर्वांत मोठी पायरी 65 हजारांत एका भागाइतकी काटेकोर हवी. ती तशी नसेल तर चूक होते कुठे? लहर शून्य ओलांडते तिथे. त्या क्षणी सगळ्या पायऱ्या एकदम उलटतात. म्हणजे दोष मोठ्या तानेत लपून राहतो आणि सर्वांत नाजूक जागी, खर्ज विरत जाताना, उघडा पडतो. म्हणून कॅलिफोर्नियाच्या एमएसबीसारखे शिडीवाले रोध निवडण्यावर आणि जुळवण्यावर इतके कष्ट घेतात. केंब्रिजची डीसीएस ही कंपनी 1987 पासून आहे. त्यांच्या रिंग डॅकमध्ये रोध सारख्या किमतीचे असतात आणि कोणता रोध कधी कामाला लावायचा हे सतत बदलत राहतं. त्यामुळे रोधांतली चूक सुराला चिकटत नाही, हलक्या खरखरीत विरघळून जाते. ही कल्पना मला फार सुंदर वाटते. चूक पूर्ण घालवता येत नाही तर तिला सुरापासून तोडायचं.

दुसरं घराणं सिग्मा-डेल्टाचं. मोजक्या पायऱ्या, पण सेकंदाला लाखो वेळा, आणि झालेली चूक लगेच परत मोजून पुढच्या पावलात दुरुस्त करायची. ही मांडणी जपानमध्ये इनोसे आणि यासुदा यांनी 1962 मध्ये केली. आज बहुतेक सगळ्या चिप याच जातीच्या. 2020 च्या ऑक्टोबरमध्ये जपानमधल्या नोबेओका इथला एकेएम या चिप बनवणाऱ्या कंपनीचा कारखाना जळाला तेव्हा कितीतरी डॅकवाल्यांना आपले आराखडे बदलून दुसऱ्याची चिप बसवावी लागली.

पण चिपपेक्षा आवाजावर जास्त पकड असते ती फिल्टरची. नमुन्यांपासून लहर पुन्हा जोडताना वीस हजार हर्ट्झच्या वर जे भुताटकीचे आवाज तयार होतात ते छाटावे लागतात. किती तीव्र छाटायचं, याचे अनेक मार्ग आहेत. इंग्लंडच्या कॉर्ड कंपनीचे रॉब वॉट्स यांनी आयुष्य याच प्रश्नावर लावलं. त्यांच्या डेव्ह या डॅकच्या फिल्टरमध्ये 1,64,000 टॅप आहेत, म्हणजे एकेका क्षणाचा आवाज ठरवताना तो आजूबाजूचे तेवढे आकडे विचारात घेतो. याच्या अगदी उलट टोकाला आहेत ते फिल्टरच न लावणारे. नमुना आला की तो तसाच धरून ठेवायचा, पुढचा आला की त्याच्यावर जायचं. त्याचा परिणाम गणितानं काढता येतो: दहा हजार हर्ट्झला सुमारे पाऊण डेसिबल, वीस हजारला तीन डेसिबलहून थोडा जास्त उतार.

माझ्याकडचा तिसरा डॅक हा असाच, शिडीचा आणि बिनफिल्टरचा. पातळी जुळवली, उपकरणांवर चादर टाकली. माझी पुतणी पलीकडे बसून मला न सांगता जोडणीची तार बदलत होती; मी फक्त ऐकून कागदावर लिहीत होतो. तंबोरा सुरू केला की हा डॅक मला जवळजवळ प्रत्येक वेळी ओळखता आला. जवारी किंचित बंद. दोरा केसभर सरकवला असावा तशी. जोडीच्या तारांमधली ती जी बारीक जर असते, ती थोडी मिटलेली. सुंदरच वाटत होतं, सांगतो. रात्री उशिरा तेच लावावंसं वाटायचं. पण मिरजेच्या कारागिरानं काढून दिलेली जवारी ती नव्हती.

उरलेले दोन, दोन्ही फिल्टरवाले, एक माझा आणि दुसरा माझ्या डॅकच्या कितीतरी पट किमतीचा. त्यांच्यात मला फरक सांगता येईना. कागदावरचे माझे अंदाज नाणेफेकीहून चांगले नव्हते. का, ते खर्जाकडे पाहिलं की कळतं. काळी एकमध्ये खर्ज येतो सुमारे 69 हर्ट्झवर. स्वयंभू गंधार त्याच्या पाचपट, म्हणजे 346 च्या आसपास. संगीताचं जे काळीज आहे ते इथं आहे, आणि इथं कोणताही नीट बांधलेला डॅक चुकत नाही. या यंत्रांचे मतभेद वीस हजारांच्या आसपास आहेत, जिथं साठीतला कान पोचतही नाही.

म्हणून फरक कुणालाच कळत नाही, असं मी म्हणणार नाही. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या जोशुआ रीस यांनी 2016 साली अठरा प्रयोगांचे निकाल एकत्र केले. प्रश्न जवळचाच होता: सीडीच्या दर्जाचा आवाज आणि त्याहून वरचा आवाज माणसाला वेगळा ओळखता येतो का? बरोबर उत्तरं निघाली 52.3 टक्के. पन्नासच्या थोडी वर. पण ज्यांना आधी काय ऐकायचं हे शिकवलं होतं, त्यांचे आकडे बरेच वर होते. हे मला पटतं. जवारी खुली की बंद हे तरी जन्मतः कुणाला कळतं? गुरूंच्या मागे तंबोरा धरून बसलं की काही महिन्यांनी कळू लागतं.

आणखी एक. आपल्यापैकी अनेकांचा खजिना म्हणजे जुन्या मैफिलींच्या टेप. त्यांच्यात पंख्याचा आवाज असतो, विजेचा हुंकार असतो, टेपची खरखर असते. आजच्या साध्या डॅकचा स्वतःचा गोंगाट या सगळ्याच्या कितीतरी खाली आहे. अशा टेपांसाठी महागडा डॅक घ्यायचा विचार असेल तर मी आग्रहानं सांगेन, ते पैसे स्पीकरवर किंवा खोलीवर घाला. खोलीतल्या भिंतीवर एक जाड सतरंजी टांगली तर जो फरक पडतो तो मला त्या दोन डॅकमध्ये महिनाभर सापडला नाही.

माझ्याकडे अखेर माझा जुनाच डॅक राहिला. बिनफिल्टरचा परत करताना मात्र जिवावर आलं.

आता त्या डॅकमधला फरक मी तुम्हाला रेडिओवर ऐकवू शकत नाही, कारण एफएमवर पंधरा हजार हर्ट्झच्या पुढचं काही तुमच्यापर्यंत पोचत नाही. पण मूळ फरक ऐकवता येतो. एकच तंबोरा, तोच हात, तीच खोली. आधी दोरा सरकवून जवारी थोडी मिटवलेली आहे. अर्ध्या मिनिटानं दोरा जागेवर आणला जाईल. खर्जाकडे लक्ष ठेवा. तार छेडल्यावर लगेच नाही, ती विरत असताना गंधार कधी येतो ते ऐका.

(तंबोऱ्याचं ध्वनिमुद्रण, एक मिनिट)