व्हिसा कोणता, ते आधी विचारा
(प्रभाग संघाच्या मासिक सभेतील भाषण)

मागच्या महिन्यात कर्जाच्या एका अर्जावर कारण होतं, ‘मुलाला दुबईला पाठवणे’. आपल्या रत्नागिरीत यात नवीन काही नाही. आंब्याचं काम दोन-तीन महिने, भात पोटापुरतं, मग पोरगा मुंबई नाहीतर आखात गाठतो.

मी विचारलं, व्हिसा कोणता? ताई म्हणाल्या, “एजंट म्हणतो आधी व्हिजिटवर जा, तिकडे कामाचा करून देतो.” ताईंनो, इथंच थांबायचं! व्हिजिटवर काम करणं तिथं बेकायदा. पगार बुडाला तर तक्रार कुठल्या तोंडाने करणार?

मुलगा दहावी नापास, म्हणून पासपोर्ट ईसीआर. त्याला तिकडे कामाला जायला सरकारी मंजुरी लागते, ती ई-मायग्रेटवर मिळते. एजंटला परवाना आहे का, तेही तिथंच कळतं. सोबत दोन वर्षांचा १० लाखांचा विमा, हप्ता २७५ रुपये. एजंट कायद्याने ३० हजार आणि वर जीएसटी एवढंच घेऊ शकतो. ताईंकडे मागितले होते १ लाख २० हजार.

सून विचारत होती, आम्हाला कधी नेणार? तिथं बायको-मुलांना न्यायला पगार ४ हजार दिरहम लागतो, किंवा ३ हजार आणि राहायला घर. हेल्परला एवढा कोण देतो? माझे बाबा नऊ वर्षं मस्कतला होते, मी त्यांना आवाजावरूनच ओळखायचे.

अर्ज नामंजूर केलेला नाही, थांबवलाय. ताई करारपत्र मागायला गेल्यात. आलं की गटात बसून वाचू.