गणिताच्या पेपरला आपल्या मुली का दिसत नाहीत?

(लातूर येथे विद्यार्थी आणि पालकांसमोर केलेलं भाषण)



मी नांदेडची. इतवाऱ्यात वाढले, आठवीपर्यंत उर्दू माध्यमात शिकले आणि आता गणित शिकवते. आज सकाळी लोहा, अहमदपूर, चाकूर करत एसटीने इथं आले. शेजारच्या सीटवर एक मुलगी होती, मांडीवर जीवशास्त्राच्या नोट्स. लातूरला नीटच्या क्लासला आहे म्हणाली. मी विचारलं, "गणित?" ती म्हणाली, "मॅडम, दहावीला 98 होते. अकरावीला सोडलं." "आवडत नव्हतं का?" "आवडत होतं. पण गणित घेऊन करायचं काय, असं घरी म्हणाले."

आजचं बोलणं तिच्यासाठी आहे.

लातूर पॅटर्नला मी नावं ठेवणार नाही. या शहरानं आणि आता नांदेडनंही शेतकऱ्यांच्या, गॅरेजवाल्यांच्या, गाडेवाल्यांच्या मुलांना डॉक्टर केलं. आपल्या कित्येक घरांतली पहिली डॉक्टर मुलगी इथूनच निघाली. पण हुशार मुलगी म्हणजे नीट, हे समीकरण इतकं पक्कं झालंय की तिला दुसरं काही आवडतं का, हे कुणी विचारतच नाही.

म्हणून एका स्पर्धेची माहिती देते. युरोपियन गर्ल्स मॅथेमॅटिकल ऑलिम्पियाड. 2012 साली इंग्लंडमध्ये केंब्रिजला सुरू झाली. त्याआधी 2002 पासून चीनमध्ये मुलींची अशी स्पर्धा होतच होती. नाव युरोपियन असलं तरी बाहेरचे देशही येतात, भारत 2015 पासून जातो. चार मुलींचा संघ. दोन दिवस, रोज साडेचार तास आणि रोज फक्त तीन प्रश्न. प्रत्येक प्रश्नाला 7 गुण, एकूण 42. जॉर्जियात 2024 ला झालेल्या स्पर्धेत आपल्या संघात पुण्याची एक मुलगी होती. ती कांस्यपदक घेऊन आली.

कुणी म्हणेल, मुलींसाठी वेगळी स्पर्धा कशाला? सोपा पेपर हवा म्हणून? नाही. पेपर सोपा नसतो. मुलामुलींची आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाड 1959 पासून चालू आहे आणि आजही तिथे मुली साधारण दहात एक असतात. जिथे दहात एकटीच असते तिथे मुलगी आधी स्वतःलाच विचारते, मी इथे चुकून तर आले नाही ना? वेगळ्या स्पर्धेत हा प्रश्न पुसला जातो, उरतं फक्त गणित. अमेरिकेतल्या काही स्पर्धा तर आता मुलींबरोबर नॉन-बायनरी, म्हणजे मुलगा किंवा मुलगी या दोन चौकटींत स्वतःला न बसवणाऱ्या विद्यार्थ्यांनाही बोलावतात. वर्गात ज्याला कोपऱ्यात बसवलं जातं, त्याला बाकावर जागा द्यायची, इतकीच ती गोष्ट आहे.

तिथपर्यंतचा रस्ता आपल्या दारातूनच जातो. पहिली पायरी आयओक्यूएम. आठवी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी, सप्टेंबरच्या सुरुवातीला. तीन तास, 30 प्रश्न, 100 गुण. प्रत्येक उत्तर 00 ते 99 मधली एक संख्या, गोल काळा करायचा. म्हणजे उत्तराला मराठी, उर्दू, इंग्रजी असा काही भेद नाही. त्यापुढे आरएमओ, मग जानेवारीत आयएनएमओ. तिथे पूर्ण सिद्धता लिहायची असते. या टप्प्यांवर मुलींसाठी काही जास्तीच्या जागा असतात. आयएनएमओतून निवडलेल्या मुलींचं शिबिर होतं आणि त्यातून चौघी निवडतात. जुने पेपर मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या वेबसाइटवर फुकट मिळतात.

आता एक कोडं. निकाहाच्या मांडवात कोणतीही सहा माणसं उचला. त्यांच्यात एकमेकांना ओळखणारे तिघं नक्की सापडतील, किंवा एकमेकांना अजिबात न ओळखणारे तिघं नक्की सापडतील. कसं?

एकीला धरा, शबाना म्हणू. उरले पाच. त्या पाचांतल्या काहींना ती ओळखते, काहींना नाही. पाचांचे दोन गट केले की एका गटात किमान तीन येणारच. समजा तिघांना ती ओळखते. त्या तिघांत कोणतेही दोघं एकमेकांना ओळखत असले, तर ते दोघं आणि शबाना असे तिघं झाले. कुणीच कुणाला ओळखत नसेल, तर ते तिघं अनोळखी झाले. तीन जण तिच्या अनोळखी गटात असले तरी असंच उलटं चालवायचं. संपलं.

यात एकही सूत्र नव्हतं. पाठांतर नव्हतं. ऑलिम्पियाडचं गणित हे असं असतं. ते त्रिकोणाला मुसल्लस म्हणणाऱ्या मुलीलाही तितकंच जमतं.

आणि गणित आपल्याला परकं नाही. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मीनं ज्या पुस्तकाला 'अल-जब्र' म्हटलं त्यावरून जगानं अल्जिब्रा शब्द घेतला. हिंदी अंकांवरही त्यानं लिहिलं. आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, तेव्हा 1918 साली स्थापन झालेल्या हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात गणितसुद्धा उर्दूतून शिकवलं जायचं. पण पूर्वजांच्या अभिमानानं आपला प्रश्न सुटत नाही. तो आपल्यालाच सोडवावा लागतो.

म्हणून जवळच्या काळातलं उदाहरण देते. मरियम मिर्झाखानी. जन्म तेहरानचा, 12 मे 1977. लहान वयात एका वर्षी तिला गणितात कमी मार्क पडले, शिक्षिकेला ती हुशार वाटली नाही, आणि तिनं गणितातून मनच काढून घेतलं. पुढे ती आणि तिची मैत्रीण रोया बेहेश्ती मुख्याध्यापिकेकडे गेल्या: मुलांच्या शाळेत जसे अवघड प्रश्न सोडवायचे वर्ग होतात तसे आम्हालाही हवेत. इराणच्या संघात तोवर एकही मुलगी गेली नव्हती. मुख्याध्यापिका हो म्हणाल्या. 1994 ला मरियमनं सुवर्णपदक आणलं, 1995 ला 42 पैकी 42 गुण घेऊन पुन्हा सुवर्ण. 2014 ला फील्ड्स पदक मिळवणारी ती जगातली पहिली स्त्री ठरली. 2017 मध्ये कर्करोगानं गेली, जेमतेम 40 वर्षांची.

मला या गोष्टीत मरियमपेक्षा त्या मुख्याध्यापिका जास्त महत्त्वाच्या वाटतात. मरियम आपल्याकडे आहेत. हो म्हणणारी माणसं कमी आहेत.

यात मीही आले. दोन वर्षांपूर्वी माझ्या वर्गात नववीची एक मुलगी होती. वडिलांचा देगलूर नाक्याला फळांचा गाडा. मघाचं सहा माणसांचं कोडं तिनं माझ्यापेक्षा सुटसुटीत सोडवलं. आयओक्यूएमचा फॉर्म भरला. केंद्र दुसऱ्या गावी आलं. वडील तयार होते, पण नातेवाईक म्हणाले, "लडकी को इत्ते दूर कायकू भेजते? कौनसी नौकरी लगनेवाली है?" मी फोन केला. मला वाटलं, फोन पुरे. रविवारी ती गेली नाही. सोमवारी वर्गात आली, पहिल्या बाकावर बसली, काही बोलली नाही. मी तिच्या घरी जायला हवं होतं. गेले नाही.

पुढच्या वर्षी गेले. चहा प्यायले, तिच्या दादींशी बोलले. तीन मुली झाल्या, एकीची अम्मी सोबत आली, एक गाडी केली, खर्च वाटून घेतला. ती पुढच्या फेरीत गेली नाही, थोडे गुण कमी पडले. पण परत येताना गाडीत तिघी प्रश्न 17 वरून अशा भांडत होत्या की ड्रायव्हर हसत होता. आज ती अकरावीत आहे. जीवशास्त्र घेतलंय, गणितही ठेवलंय. सप्टेंबरला पुन्हा बसणार आहे.

पालकांनो, माझं मागणं मोठं नाही. मुलीला दहावीला 98 पडले तर विषय ठरवण्याआधी तिला एकदा विचारा, तुला काय आवडतं? शिक्षकांनो, फोनवर थांबू नका, घरी जा. भावांनो, परीक्षेच्या रविवारी बहिणीला केंद्रावर सोडायला गाडी काढा, ते काम तुमचंही आहे.

आणि मुलींनो, घरी जाऊन सहाऐवजी पाच माणसं घेऊन बघा. तेच विधान खरं राहतं का? राहत नसेल तर एक उदाहरण कागदावर काढा. पाच ठिपके, ओळख असेल तिथे रेघ.

उत्तर सापडलं तर मला सांगायची घाई करू नका. आधी मैत्रिणीला पटवून द्या.