बंदूक परदेशी जाते, जबाबदारी कोठे जाते?

(एकलहरे येथील वीज कामगारांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रात तयार होणारी वीज कोणाच्या घरात दिवा लावते आणि कोणाच्या कारखान्याची चाके फिरवते, हे तेथील कामगाराला ठाऊक नसते. ठाऊक नसले तरी बिघडतही नाही. वीज निर्माण होते त्याच क्षणी वापरली जाते आणि संपते. रायफलीचे तसे नाही. नीट तेलपाणी केलेली रायफल पन्नास वर्षे, प्रसंगी त्याहूनही अधिक काळ चालते. तिचा मालक बदलतो, त्या देशातले सरकार बदलते, विकत घेताना सांगितलेला हेतू तर सर्वांच्या आधी बदलतो. रायफल मात्र तीच राहते. म्हणूनच ती सरहद्दीपलीकडच्या गिऱ्हाइकाला विकण्यावर कायद्याचे बंधन असावे की नसावे, हा निव्वळ व्यापाराचा प्रश्न नव्हे. तो राजकीय प्रश्न आहे आणि कामगार चळवळीचाही आहे.

या चर्चेत ‘नागरी’ हा शब्द मोठा फसवा ठरतो. शिकारीची, नेमबाजीची, पिकाच्या राखणीची ती नागरी रायफल, आणि लढाईची ती लष्करी, असा समज आहे. इशापूरच्या सरकारी कारखान्यात परवानाधारक नागरिकांसाठी बनणारी .३१५ बोअरची रायफल पाहावी. तिची यंत्ररचना लष्कराच्या जुन्या ली-एनफील्ड रायफलीचीच आहे. बदलले ते मुख्यतः नळीचे माप, आणि तेही एवढ्याचसाठी, की लष्कराची .३०३ ची काडतुसे प्रजेच्या बंदुकीत चालू नयेत. इंग्रजी अमलात पडलेला हा पायंडा पुढेही चालू राहिला. म्हणजे ‘नागरी’ हा बंदुकीचा गुण नसून कायद्याने तिला लावलेले विशेषण आहे. ते विशेषण लावणारा कायदा देशाच्या सीमेवर थांबतो. बंदूक थांबत नाही.

शस्त्रविषयक कायद्यांकडे संशयाने पाहण्याची सवय या देशातील पुरोगामी माणसाला आहे, आणि ती अकारण नाही. १८७८ चा शस्त्र कायदा लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीतला. त्याने एतद्देशीयांना निःशस्त्र केले आणि युरोपीयांना मोकळीक दिली. १८९० च्या ब्रुसेल्स कराराने युरोपीय सत्तांनी आफ्रिकेच्या विस्तीर्ण प्रदेशात नव्या बनावटीच्या रायफली नेण्यास बंदी घातली. गुलामांचा व्यापार थांबवणे हे कारण पुढे केले गेले, आणि ते खोटेही नव्हते. पण त्याच सत्तांच्या फौजा त्याच प्रदेशात त्याच रायफलींच्या जोरावर राज्ये वाटून घेत होत्या. खुद्द नाशिकचा इतिहास बोलका आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन यांच्यावर झाडलेले ब्राउनिंग पिस्तूल लंडनहून आलेले होते. चतुर्भुज अमीन यांच्या पेटीतून लपवून आणलेल्या वीस पिस्तुलांपैकी ते एक, असे खटल्यात पुढे आले. जी वस्तू युरोपात दुकानातून विकत घेता येत होती, ती बाळगणे येथे गुन्हा होता. त्या कायद्याचा हेतू शांतता हा नव्हता, राज्य टिकवणे हा होता.

परंतु परकीय राजवटीचा कायदा आणि स्वतंत्र संसदेचा कायदा यांना एकाच मापाने मोजणे म्हणजे विचारांचा आळस होय. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे कलम १० सांगते की, परवान्यावाचून कोणीही शस्त्रे अथवा दारूगोळा भारतात आणू नये, भारताबाहेर नेऊ नये. स्वतःच्या वापरासाठी वाजवी प्रमाणात कायदेशीर शस्त्र नेणाऱ्यास तेवढी सूट आहे. कलम ११ अन्वये केंद्र सरकार अशी ने-आण पूर्णपणे बंदही करू शकते. त्याच्या जोडीला १९९२ चा परकीय व्यापार (विकास व नियमन) कायदा आहे. त्याखालच्या ‘स्कोमेट’ यादीत २०१७ साली युद्धसामग्रीचा सहावा वर्ग अंमलात आला, आणि त्याच वर्षी डिसेंबरात भारत शस्त्रनिर्यातीवर नियंत्रण ठेवणाऱ्या वासेनार गटाचा सदस्य झाला. २०१९ च्या दुरुस्तीने शस्त्रांच्या चोरट्या व्यापाराला दहा वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा ठरवली. कागदावर पाहता कायदा दुबळा नाही.

दुबळेपणा आहे तो कागदावरच्या विश्वासात. निर्यातीचा परवाना देताना मुख्य भिस्त असते ती अंतिम वापरकर्त्याच्या प्रमाणपत्रावर. माल कोण वापरणार, याची लेखी हमी. कागदाची किंमत नाशिकरोडच्या शेजाऱ्यांना सांगावी लागत नाही. तेथील मुद्रणालयाने निकालात काढलेली यंत्रे हाती लागताच तेलगीने देशभर बनावट मुद्रांकांचा बाजार कसा मांडला, हे सर्वांना आठवत असेल. शस्त्रांच्या बाबतीत याहून भीषण उदाहरण पुरुलियाचे आहे. १७ डिसेंबर १९९५ च्या रात्री पश्चिम बंगालातील त्या जिल्ह्यात विमानातून शेकडो एके रायफली आणि लाखो काडतुसे टाकण्यात आली. माल बल्गेरियातून निघालेला, आणि सोबतच्या प्रमाणपत्रावर बांगलादेशचे नाव. कागद पाहणाऱ्याने कागद पाहिला. माल कोठे उतरला, ते पाहणारा कोणी नव्हता. चार-पाच दिवसांनी तेच विमान मुंबईत उतरवले गेले आणि प्रमुख आरोपी विमानतळावरूनच निसटला. जर्मनीसारख्या काटेकोर देशातही हे घडले. हेकलर अँड कोख या कंपनीच्या रायफली मेक्सिकोतील परवानगी नसलेल्या प्रांतांत पोचल्या, आणि २०१९ साली श्टुटगार्टच्या न्यायालयाने कंपनीकडून ३७ लाख युरो वसूल करण्याचा आदेश दिला. पैसे वसूल होतात. रायफली परत येत नाहीत.

यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्हींना उत्तर दिले पाहिजे. पहिला रोजगाराचा. वरणगाव, भुसावळ, खडकी, अंबाझरी, भंडारा, चांदा येथील आयुध निर्माण्यांवर हजारो कुटुंबे जगतात. निर्यात अडली तर त्यांचे काय? ही चिंता खरी आहे. पण १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या केल्या गेल्या, तेव्हा कामगारांची संमती कोणी घेतली होती? उलट त्याच वर्षी संरक्षण उत्पादनातील संपावर बंदी घालणारा कायदा आणला गेला. मागणीवर जगणारी कंपनी केली की गिऱ्हाईक निवडण्याचा विवेक ही चैन वाटू लागते. कामगाराच्या पोटाचा प्रश्न परक्या देशातील कामगाराच्या छातीवर सोडवता येत नाही. स्वदेशाची गरज आणि नागरी उपयोगाचे पर्यायी उत्पादन यांतूनच तो सोडवावा लागेल.

दुसरा आक्षेप असा, की भारताने न विकले तर दुसरा विकेल. हा युक्तिवाद अफूच्या व्यापाऱ्यांनीही केला होता.

खरा धोका निराळाच आहे. देशाची संरक्षण निर्यात २०१३-१४ मध्ये ६८६ कोटी रुपयांची होती. २०२४-२५ मध्ये ती २३,६२२ कोटींवर गेली, आणि २०२८-२९ पर्यंत ५०,००० कोटींचे उद्दिष्ट सरकारने ठेवले आहे. या आकड्यांत रायफलींचा वाटा लहान असेल, पण धोरणाची दिशा त्यांतून कळते. निर्यात वाढवण्याची जबाबदारी संरक्षण उत्पादन विभागाची, सरकारी शस्त्रकंपन्या त्याच विभागाच्या, आणि स्कोमेटच्या सहाव्या वर्गातील मालाचा परवाना देणाराही तोच विभाग. विकणारा आणि विक्रीवर पहारा ठेवणारा एकच असेल, तर पहारा कोणावर? अमेरिकेनेही मार्च २०२० मध्ये नागरी बंदुकांच्या निर्यातीचा परवाना परराष्ट्र खात्याकडून काढून वाणिज्य खात्याकडे सोपवला. खाते बदलले की प्रश्नही बदलतो: ‘कोणाला?’ऐवजी ‘किती?’ विचारले जाते.

२ एप्रिल २०१३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने शस्त्रव्यापार करार संमत केला, तेव्हा भारत तटस्थ राहिला. करार निर्यातदार देशांच्या बाजूला झुकलेला आहे आणि दहशतवादी टोळ्यांबाबत ढिला आहे, ही भारताची तक्रार निराधार नव्हती. परंतु तेव्हा भारत प्रामुख्याने खरेदीदार होता. आता तो विक्रेता होऊ पाहतो. खरेदीदाराच्या तक्रारीआड विक्रेत्याला लपता येणार नाही.

म्हणून समाजवादी चळवळीने चार मागण्या लावून धरल्या पाहिजेत. हलक्या शस्त्रांच्या निर्यातीचा देशवार, संख्यावार अहवाल दरवर्षी संसदेपुढे यावा. परवाना देणारी यंत्रणा विक्री करणाऱ्या विभागापासून वेगळी व्हावी. स्वीडनमध्ये संसदेतील पक्षांचे प्रतिनिधी असलेली परिषद अशा प्रकरणांत सल्ला देते, तसे येथेही अशक्य नाही. माल पोचल्यानंतर तो कोणाच्या हाती आहे, याची जागेवर तपासणी करण्याची अट प्रत्येक परवान्यात असावी. आणि ज्या राजवटी स्वतःच्या जनतेवर गोळ्या झाडतात, त्यांना रायफल, मग ती शिकारीची म्हणून मागितलेली असो, मिळता कामा नये.

या मागण्या दिल्लीत आपोआप पोचणार नाहीत. वरणगाव-खडकीच्या कामगार संघटनांशी बोलून, त्यांच्या नोकरीची हमी आणि निर्यातीवरील लोकशाही नियंत्रण या दोन्ही गोष्टी एकाच निवेदनात मांडून, त्या येथूनच पाठवाव्या लागतील. बनवणाऱ्या हातांनीच विचारले पाहिजे, की माल जातो कोणाकडे. तो प्रश्न विचारण्याचा पहिला अधिकार त्यांचा आहे.