दप्तर आणि दप्तरी

राज्यकारभार चालत असताना निर्माण झालेल्या कागदपत्रांपैकी स्थायी मोलाची कागदपत्रे निवडून जतन करणारी संस्था म्हणजे अभिलेखागार. छापील पुस्तकाची दुसरी प्रत बहुधा मिळू शकते. संचिकेतील टिपणी मात्र सहसा एकमेव असते आणि ती कोणत्या पत्रानंतर व कोणत्या आदेशापूर्वी लावली आहे, यावर तिचा अर्थ ठरतो. म्हणून अभिलेखशास्त्र कागदांची विषयवार फेरमांडणी करीत नाही, तर ते ज्या कार्यालयात निर्माण झाले त्याच्याच नावाखाली आणि मूळ क्रमाने ठेवते. यालाच मूलस्थानाचे तत्त्व म्हणतात. या तत्त्वाचा सरळ अर्थ असा, की अभिलेखपालाच्या हाती कागद येण्याच्या कितीतरी आधी त्याचे भवितव्य एखाद्या कारकुनाच्या मेजावर ठरलेले असते.

पुण्याचे पेशवे दप्तर याची साक्ष देते. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्यातील निवडक कागदांचे 45 खंड प्रसिद्ध झाले, ते शक्य झाले यामागे फडावरच्या, म्हणजे पेशव्यांच्या सचिवालयातल्या, कारकुनांची शिस्त होती. त्यांनी रोजकीर्द, म्हणजे दैनंदिन व्यवहारांची नोंदवही, मोडी लिपीत तारीखवार लिहिली, आणि पुढच्या दप्तरदारांनी ते कागद रुमालांत, म्हणजे कापडी बासनांत, बांधून सांभाळले.

देशपातळीवरील संस्थेची सुरुवात 11 मार्च 1891 रोजी कलकत्त्यात ‘इंपीरियल रेकॉर्ड डिपार्टमेंट’ या नावाने झाली आणि मुंबई सरकारच्या जुन्या दप्तराचा अभ्यास केलेले जी. डब्ल्यू. फॉरेस्ट तिचे पहिले प्रमुख झाले. राजधानी दिल्लीस गेल्यावर एडविन ल्युटेन्स यांच्या आराखड्यानुसार 1926 मध्ये नवी इमारत उभी राहिली, तरी सर्व दप्तर तेथे पोहोचण्यास 1937 साल उजाडले. 1939 पासून दशकभर या संस्थेची धुरा मराठ्यांच्या राज्यव्यवस्थेचे अभ्यासक सुरेंद्रनाथ सेन यांनी वाहिली आणि स्वातंत्र्यानंतर ती राष्ट्रीय अभिलेखागार म्हणून ओळखली जाऊ लागली.

प्रमुखांची नावे इतिहासात राहतात. कागद प्रत्यक्ष वाचवणाऱ्यांची राहत नाहीत. जुन्या शाईतील आणि कागदातील आम्ल तंतू खात जाते, म्हणून जीर्ण पान आधी चुन्याच्या निवळीसारख्या सौम्य क्षारयुक्त द्रावणातून काढून निराम्ल करावे लागते. नंतर घड्या उलगडून, फाटलेल्या कडा जुळवून त्यावर पातळ टिश्यू कागद किंवा शिफॉन चिकटवावे लागते. ॲसिटोनच्या साहाय्याने ॲसिटेटचा पातळ पापुद्रा व टिश्यू कागद हातानेच पानावर बसवण्याची जी पद्धत जगभर वापरली गेली, ती याच अभिलेखागारात विकसित झाली. कागद आज ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर दिसतो, तेव्हाही त्यापूर्वी कोणीतरी तो हलक्या हाताने उलगडलेला असतो.

सार्वजनिक अभिलेख अधिनियम, 1993 या कायद्याने केंद्र सरकारच्या प्रत्येक अभिलेखनिर्मात्या कार्यालयात अभिलेख अधिकारी नेमणे बंधनकारक केले आहे. विहित रीत सोडून अभिलेख नष्ट करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूदही त्यात आहे. महाराष्ट्रातील कार्यालयांत सहा गठ्ठे पद्धत सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्यातील एका गठ्ठ्यात अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणे असतात आणि दुसऱ्यात नष्ट करायचे कागद. कोणता कागद कोणत्या गठ्ठ्यात जाईल, हा निर्णय रोज, फारशी चर्चा न होता, कनिष्ठ पातळीवर होत असतो, आणि चुकीने नष्ट झालेला कागद कोणतीही प्रयोगशाळा परत आणू शकत नाही.

तेव्हा राष्ट्राच्या स्मृतीची काळजी वाहणाऱ्या समाजाने केवळ दिल्लीतील वास्तूकडे पाहून भागणार नाही. तालुका कचेरीतील अभिलेख कक्षाला कोरडी जागा, तेथील लिपिकाला रीतसर प्रशिक्षण, मोडी वाचणाऱ्याला नोकरी आणि गठ्ठे बांधणाऱ्या दप्तरीला मान मिळाला पाहिजे. कारण उद्याचा इतिहास आज त्यांच्याच हाती आहे.