पॉकेटमधली पावलं



अमेरिकेतल्या मराठी प्रशिक्षकांच्या या व्यासपीठावरून खेळाच्या भवितव्याविषयी बोलायचा रिवाज आहे. मी मात्र आजचं सगळं भाषण एका छोट्या प्रश्नासाठी वापरणार आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या क्वार्टरबॅकला पॉकेटमध्ये थांबून पास टाकायची सवय कशी लावायची? न्यू जर्सीतल्या एका हायस्कूलमध्ये मी हेच काम करतो. तुमच्यातले बरेच जण क्रिकेट, सॉकर किंवा पोहणं शिकवतात. तरीही हा प्रश्न तुमच्यापुढे मांडतोय, कारण मुलांच्या वाईट सवयींना आपलं कौतुक कसं खतपाणी घालतं, ते इथे फार स्वच्छ दिसतं.

अमेरिकन फुटबॉलशी ज्यांचा संबंध येत नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सेंटर, दोन गार्ड आणि दोन टॅकल असे पाच लाइनमन पास टाकणाऱ्या क्वार्टरबॅकभोवती कडं धरतात. त्या कड्याच्या आतली जागा म्हणजे पॉकेट. ती जेमतेम अडीच-तीन सेकंद टिकते. तेवढ्यात मागे पावलं टाकायची, पहिल्या रिसीव्हरकडे बघायचं, तो मोकळा नसला तर दुसऱ्याकडे, आणि चेंडू हातातून गेलेला असला पाहिजे.

आता बिघडतं कुठे? दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या संघात सगळ्यात चपळ पोराला क्वार्टरबॅक करतात. कोणी अंगावर आलं की तो गर्रकन वळतो आणि बाहेर धूम ठोकतो. त्या वयात त्याला कोणी गाठू शकत नाही. टचडाउन होतो, आईबाबा उभं राहून टाळ्या वाजवतात, प्रशिक्षक पाठ थोपटतो. दोन-तीन मोसम असे गेले की दडपण आलं की पळायचं, हे त्याच्या अंगात भिनतं. मग हायस्कूलच्या मुख्य संघात कडेने अंगावर धावून येणारा समोरचा डिफेन्सिव्ह एंड त्याच्याइतकाच वेगवान आणि वजनाने बराच जास्त निघतो.

या पळण्याने आपल्याच लाइनमनचं काय होतं, तेही बघा. कडेने धावून येणाऱ्याला टॅकल जागच्या जागी थांबवू शकतोच असं नाही. तो त्याला बाहेरून लांबचा फेरा घ्यायला लावतो. क्वार्टरबॅक सात यार्डांवर थांबून एक पाऊल पुढे सरकला, तर तो फेरा त्याच्या पाठीमागून निघून जातो. तोच मुलगा घाबरून दहा यार्डांपर्यंत मागे सरकत गेला, तर फेरा नेमका त्याच्यावर येऊन संपतो. टॅकलने काम चोख केलेलं असतं आणि सॅकचं, म्हणजे चेंडू हातात असतानाच क्वार्टरबॅक पाडला गेल्याचं, खापर फुटतं त्याच्याच डोक्यावर. फिल्म बघताना मी आधी मुलाला त्याच्या टॅकलचं काम दाखवतो आणि मगच त्याचं स्वतःचं.

मध्यंतरी नववीतल्या एका मुलाची फिल्म आम्ही मध्येच थांबवली. हेल्मेट खाली झुकलेलं, म्हणजे नजर रिसीव्हरवरून उतरून धावून येणाऱ्यांवर गेलेली. चेंडू एका हातात, कमरेपाशी लोंबतोय. सगळा भार मागच्या पायाच्या टाचेवर, आणि पुढच्या पायाचा अंगठा साइडलाइनकडे. हात उत्तम होता त्याचा, पण या अवस्थेतून पास नीट जाणार कसा?

आम्ही हाताला हातच लावला नाही. दोघं-तिघं हातात पॅड घेऊन त्याच्या खांद्यांना, बरगड्यांना हलके धक्के देत राहायचे. मी पंधरा यार्डांवर उभा राहून बोटं दाखवायचो आणि त्याने आकडा मोठ्याने ओरडायचा. सुरुवातीला धक्का बसला की आकडा चुकायचा. हळूहळू नजर वर ठरली. मग चेंडू छातीशी, दोन्ही हातांत. मग गवताला जेमतेम सोडणारी, एकमेकांना न ओलांडणारी छोटी पावलं. पास सगळ्यात शेवटी. बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा असतो, हाताने सुरुवात होते, आणि तो मला साफ चुकीचा वाटतो.

पावलांना वेळ बांधून देणं हा यातला सगळ्यात मोलाचा भाग. सॅन फ्रान्सिस्को फोर्टी-नाइनर्सच्या बिल वॉल्श यांनी रिसीव्हरच्या धावेचं आणि क्वार्टरबॅकच्या पावलांचं गणित जुळवून दिलं आणि जो मोंटानाच्या हातून ते जगाला दिसलं. पाचवं पाऊल टेकलं की पहिल्याकडे पास, नाहीतर एक छोटी उडी आणि दुसऱ्याकडे नजर. मी मुलांना हे तोंडाने मोजायला लावतो. मोजणाऱ्याला भीतीकडे लक्ष द्यायला फुरसत राहत नाही.

टॉम ब्रेडीला 2000 सालच्या ड्राफ्टमध्ये 199 वा क्रमांक मिळाला आणि चाळीस यार्ड धावायला त्याला 5.28 सेकंद लागले होते. सात सुपर बोल त्याने जिंकले ते पॉकेटमध्ये अर्धं पाऊल इकडे, अर्धं पाऊल पुढे सरकून. संथ मुलांना मी हे आवर्जून सांगतो. चपळ मुलांसाठी जॉश ॲलन आहे. बफेलोकडून 2018 च्या पहिल्या मोसमात त्याचे 52.8 टक्के पास पूर्ण झाले होते, 2020 मध्ये 69.2 टक्के. मधल्या काळात त्याने टाकण्याच्या पद्धतीवर भरपूर मेहनत घेतली, आणि धावणं सोडलं नाही. मीही कोणाला धावू नको म्हणत नाही. आधी पुढे सरक, नजर वर ठेव, समोर वाट मोकळी असली तर खुशाल जा.

भीतीबद्दलही बोललं पाहिजे. 1985 मध्ये लॉरेन्स टेलरच्या सॅकमध्ये क्वार्टरबॅक जो थाइझमनचा पाय मोडला आणि तिथेच त्याची कारकीर्द संपली. मुलांनी तो व्हिडिओ पाहिलेला असतो. त्यांना ‘घाबरू नकोस’ म्हणणं निरर्थक आहे. सरावात क्वार्टरबॅकला कोणीही पाडायचं नाही, हा नियम काटेकोर पाळा. डोक्याला मार लागल्याची शंका आली तर डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय तो मैदानात येता कामा नये, सामना कितीही मोठा असो.

2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमुळे आपल्या मुली-मुलांमध्ये फ्लॅग फुटबॉलची ओढ वाढते आहे. तिथे ब्लॉकिंग नसतं, त्यामुळे पॉकेटही नसतं. पण वर ठरलेली नजर आणि मोजलेली पावलं तिथेही लागतातच.

कौतुकाची दिशा बदलावी म्हणून सामन्यानंतर मी पालकांच्या हाती एक तक्ता देतो. त्यात यार्ड नसतात, टचडाउन नसतात. नजर, पावलं आणि वेळ एवढे तीनच रकाने. पावलं बरोबर असून रिसीव्हरच्या हातून चेंडू सुटला, तरी पूर्ण गुण. पॉकेट शाबूत असताना पळून काढलेल्या टचडाउनला शून्य. एका मुलाचे वडील चिडून म्हणाले, “अहो कोच, पण टचडाउन झाला ना?” मी त्यांना शेजारी बसवून तीच चाल पुन्हा दाखवली. मधून एक रिसीव्हर पूर्ण मोकळा धावत होता आणि पाचही लाइनमन आपापल्या जागी टिकून होते. ते बराच वेळ बघत राहिले. पुढच्या सामन्यात पोरगा पुढे सरकून पास टाकायला लागला, तेव्हा पास अपुरा राहूनही पहिली टाळी त्यांचीच आली.

उद्या सकाळच्या सत्रात पाच लाइनमन आणि दोन तरुण क्वार्टरबॅक घेऊन मी मैदानावर असेन. हा तक्ता प्रत्येकाच्या हाती दिला जाईल. क्रिकेट आणि सॉकरच्या प्रशिक्षकांनीही गुण भरावेत. दुपारी जेवणानंतर फिल्म लावून आपण ते ताडून पाहू, आणि जिथे आपले गुण जुळणार नाहीत तिथे थांबून वाद घालू.