घरबसल्या चांगला चित्रपट



मार्कंड्याच्या महाशिवरात्रीच्या जत्रेत आपण साधे मडके घेतले तरी वाजवून घेतो. घरी चित्रपट मात्र मोबाइल पुढे करील तो मुकाट्याने पाहतो. आठ तासांच्या दिवसासाठी मजूर झगडले, ते संध्याकाळचे दोन तास स्वतःचे असावेत म्हणून. ते कुणाच्याही स्वाधीन का करावेत?

आम्ही कामगारांना सांगतो, जाहिरात पाहू नका. दिग्दर्शक कोण आणि साल कोणते, ते विचारा. दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ १९३६ चा. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ला २०१४ साली त्याच व्हेनिसमध्ये पारितोषिक मिळाले. दोहोंचा नायक कवीच. एकाला आपल्या वह्या नदीत बुडवायला लावतात. दुसऱ्याच्या गाण्यामुळे गटार साफ करणारा कामगार मेला, असा आरोप ठेवून त्याला कोर्टात खेचतात. दोन्ही लागोपाठ पाहा. गरिबाच्या शब्दाची सत्तेला धास्ती का वाटते, ते व्याख्यानावाचून कळेल.

नाव ठाऊक असले की शोध सोपा. एकाने शोधावा, दहांनी मिळून पाहावा, आणि संपल्यावर अर्धा तास खुशाल भांडावे. ज्यावर भांडावेसे वाटते, तो चित्रपट पुन्हा पाहण्याजोगा समजावा.